काझीच्या दारातलं सरबत

आमच्या गावात नवरदेव काझीच्या दारात घोड्यावरून उतरतो. लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत परण्या निघतो, तेव्हा वाटेत ते घर लागतं. निजामशाहीत हुकूम होता म्हणे, की दुसऱ्या धर्माच्या रयतेनं काझीच्या दारावरून घोड्यावर बसून जायचं नाही. निजामशाही गेली, मोगल आले नि गेले, इंग्रजही गेले. आमचे नवरदेव आपले उतरतातच!

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं गप्प का बसलात? अहो, सरबतासाठी! उतरलेल्या नवरदेवाला त्या घरची बाई गुलाबाचं गार सरबत देते. माझ्या लग्नात मी दोन पेले रिचवले आणि तिसरा मागितला, तेव्हा वडिलांनी सगळ्यांदेखत डोळे वटारले होते.

काझीचं पद केव्हाच गेलं. आता त्या घरात त्याच घराण्यातला माझा दोस्त राहतो, पिठाची गिरणी चालवतो. माझी बायको गेली तेव्हा लेक लहान होती. दोस्ताच्या बायकोनं, म्हणजे भाभीनं, तिच्या वेण्या घातल्या, तिला भाकरी थापायला शिकवलं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याआधी भाभीच रडली.

नवरदेव नगरचा, पोरगा गुणी. पण त्याचा मामा! परण्या निघाल्यावर त्यांना कुणीतरी ही रीत सांगितली आणि ते तिथंच तडकले. ‘‘ही गुलामीची खूण आहे. आमचा मुलगा उतरणार नाही!’’

माझं डोकं फिरलं. पण काय बोलणार, माणूस खोटं थोडंच बोलत होता? तेवढ्यात मांडवातून लेकीचा फोन. बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती. ‘‘अण्णा, भाभीचं सरबत न पिता तो आला तर मी हार घालणार नाही.’’ आमची पोरगी बोलली म्हणजे बोलली, माझ्यावरच गेलीय. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

परण्या काझीच्या दारात थांबला. बँड थांबला. नवरदेव घोड्यावर अवघडून बसलेला, मामानं लगाम घट्ट धरलेला. दोस्त उंबऱ्याबाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘मामा, तुमचं खरं हाय. हुकूम हुता. आमच्याच कुना खापरपनज्यानं काढला आसंल. वाईटच हुता. सरबत मातर घरातल्या बायकांनी सुरू केलं आसनार. त्यांना लाज वाटली आसंल.’’



भाभी पेला घेऊन पुढं झाली. ‘‘नका उतरू, जावईबापू. मी वर देते.’’ ती टाचा उंचावून उभी राहिली, नवरदेव खाली वाकला, आणि मधल्यामध्ये घोड्यानं मान वळवून पेल्यात तोंड घातलं! फुर्रर्र! अर्धं सरबत त्याच्या पोटात, अर्धं मामाच्या कोऱ्या सदऱ्यावर.

अगं आई गं, काय हसली माणसं! नवरदेवाचा फेटा घसरला, भाभी पदरात तोंड लपवून हसत राहिली. शेवटी मामाही फिसकन हसले.

‘‘मला ठेवलंय का काही?’’ नवरदेवानं विचारलं.

‘‘माठात हाय. पन घोड्याला आत न्हाई घेनार हां!’’ भाभी म्हणाली.

त्यानं टुणकन उडी मारली. आत जाऊन पोटभर प्यायला आणि भाभीच्या पाया पडला. मामांनी दोन पेले घेतले, वर ‘‘साखर बेताची आहे, छान’’ असा शेराही मारला.

बाहेर आल्यावर नवरदेव रीतीप्रमाणे पायीच चालायला लागला तर दोस्तानं त्याला अडवलं. दारासमोरच वाकला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि म्हणाला, ‘‘ठेवा पाय.’’

‘‘अहो, तुमच्या हातावर कसा...’’

‘‘ठेवा हो! गिरनीचे हात हायेत, पोती उचलत्यात.’’

पोराला त्यानं अल्लद वर चढवलं. मामानं लगाम दोस्ताच्या हाती दिला. ‘‘आता आमच्या दारावरनं बसूनच जायाचं,’’ असं म्हणून काझीच्या घरचा तो माणूस घोडा धरून पुढं चालू लागला.

बँडवाले नुसते बघत उभे. मी खेकसलो, ‘‘वाजवा की लेकांनो, थांबलाय कशाला!’’ आणि मग मलाच रडू फुटलं.