मी फक्त वाचून दाखवलं

मारेगावात आमच्या बैठकीत माझा हॅम रेडिओ असायचा, हौशी लोकांचा आपसात बोलायचा बिनतारी संच. लायसन माझ्या नावावर, पण ऐकायचं सगळं घर. दुपारी दारव्ह्याकडचा माझा दोस्त बोलायचा. त्यानं घरी इंटरनेट घेतलं होतं, तिथलं काहीबाही तो आम्हाला वाचून दाखवायचा. आम्हा रेडिओवाल्यांची एक शिस्त. दुसऱ्याचा निरोप पुढं द्यायचा तर शब्दही बदलायचा नाही. त्या शिस्तीनंच घात केला.

त्या साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी इतकी, की लोक फवारून फवारून थकले. औषध अंगावर उडून माणसं दवाखान्यात पडत होती. एक दिवस माझा मोठा भाऊ फवारणीचा पंप शेतातच टाकून घरी आला. डोकं गरगरते म्हणाला. मी ऑफिसात. वहिनी ऑटो आणायला निघालीच होती, तेवढ्यात रेडिओवर माझा दोस्त: फवारणीचं औषध चढलं तर ताक पाजा, अंधारात झोपवा, दवाखान्याची घाई नको. ठणठणीत आवाज, प्रत्येक वाक्य दोनदा. ओळखीचा माणूस सांगतोय म्हणून वहिनी थांबली. तिनं ताक पाजलं अन् दार ओढून घेतलं.

संध्याकाळी मी येतो तर भावाच्या तोंडाला फेस! जीप करून यवतमाळला नेलं. जीव वाचला, नजर गेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दुपारीच आणायचं होतं.

मी दोस्ताला फोन लावला. "अबे, कुठून आणलं ते?"

"इंटरनेटवर होतं. मी फक्त वाचून दाखवलं, जसंच्या तसं. लिहिणाऱ्याले विचार ना!"

माझं टाळकंच सरकलं. कोण लिहिणारा? वहिनीनं त्या लिहिणाऱ्याचा आवाज कधी ऐकला होता? माईकचं बटण कोणी दाबलं होतं? जसंच्या तसं म्हटलं की हा मोकळा! आजही आठवलं की हात शिवशिवतात.

पुढं तो भेटायला आला. भाऊ खाटेवर बसला होता.

"कोण हाय?"

"मी," दोस्त म्हणाला.

आवाजावरून भावानं लगेच ओळखलं अन् हात जोडले. "या, या! तुम्ही सांगतलं म्हणून हिनं ताक पाजलं. नाही तर मी गेलोच असतो."

वहिनी उठून आत गेली. दोस्त माझ्याकडं पाहत राहिला.

"आता सांग ना त्याले," मी म्हणालो. "तुझ्याच तोंडानं सांग."

त्यानं चपला घातल्या अन् चालता झाला.

"काहून गेले ते?" भाऊ विचारत होता. "चहा तर घेऊ द्यायचा होता."