नाव वॉर्डातच राहिलं

किस्से कसे साठतात ते आमच्या लालबागच्या चाळीत येऊन बघा. संध्याकाळी चार बायका गॅलरीत वाटाणे सोलायला बसल्या की दाणे पातेल्यात वाटीभर आणि गोष्टी पोतंभर! त्यातल्या निम्म्या शीला सिस्टरच्या. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. गोष्ट पूर्ण सांगते, पण पेशंटचं नाव? छे! मी खोदून खोदून विचारते. तिचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, नाव वॉर्डातच राहिलं."

*

एक मिशीवाले आजोबा. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते म्हणे. ऑपरेशननंतर आठ दिवस अंगाला पाणी नाही. "बाईमाणसाकडून अंग पुसून घेऊ? मेलो तरी नाही!"

सिस्टरने पडदा ओढला. "बाबा, मी डोळे मिटते. टॉवेल तुमच्या हातात. मी सांगेन तिथे तुम्हीच पुसा."

दुसऱ्या दिवशी बाजूच्या खाटेवरचा कुरकुरायला लागला, तर आजोबा त्यालाच दरडावतात, "लाजतोस काय रे? सिस्टर डोळे मिटते!"

*

एका नव्या सुनेच्या डोक्यात उवाच उवा. चार वाजता सासू भेटायला येणार, म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली.

सिस्टरने वॉर्डात आवाज दिला, "आज सगळ्यांच्या केसांची पाळी!" आणि फणी घेऊन पहिली बसवली कोणाला? टक्कल पडत आलेल्या म्हातारीला!

म्हातारी म्हणाली, "अठरा केस राहिलेत माझे. मोजून घे, मोजून परत दे!"

सून चौथ्या नंबरला. कोणाला पत्ता नाही.

*

एका आजीचं अंथरूण रोज ओलं व्हायचं. लाजेने कोणाला हाक मारायची नाही, ओल्यातच पडून राहायची. मग काय, सिस्टरच्या हातून रोज सकाळी नेमका त्याच खाटेवर पाण्याचा तांब्या सांडायचा. "अगंबाई, सॉरी हं आजी!" की लगेच चादर बदल.

पाचव्या दिवशी डॉक्टर खवळले, "सिस्टर, रोज कसं सांडतं?"

आजीच उठून बसली. "ओरडू नका हो तिला. पोरगी गुणाची आहे, हात तेवढे ढिले!"

*

आता माझं. मला शुगर. नवीन चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. वास यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईचा अंगठा असाच कापावा लागला होता, त्या भीतीने मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. चिंधी बांधायची, वर पावडर, घरात सारखी उदबत्ती. गॅलरीत बसताना साडीचा काठ पार जमिनीपर्यंत.

एकदा सगळ्या उठून गेल्या, सिस्टर मागे राहिली. माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "वहिनी, ड्रेसिंगची परीक्षा आहे माझी. पाय देता का जरा, सरावाला?"

"वीस वर्षं नोकरी झाली तुझी! आता कसली गं परीक्षा?"

"म्हणून तर भीती वाटते."

मी गपचूप पाय पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तीच हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस लपवलं असतं तर अंगठा गेलाच होता. दोन महिने ती ड्युटीवरून आली की आधी दार लावून माझं ड्रेसिंग, मग तिचा चहा. आता मोजून घ्या, पाचच्या पाच बोटं जागेवर!

*

गेल्या आठवड्यात पुन्हा वाटाणे. आमच्या गॅलरीतली मंगल आपल्या आईची तक्रार सांगत होती, पायाला लागलंय पण दाखवत नाही. सिस्टर म्हणाली, "असू दे, मी येते उद्या. माझी एक पेशंट तर उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा जाळायची. पण पाय वाचला हं तिचा."

मंगलचे हात थांबले. "कोण गं? आपल्या चाळीतली?"

सिस्टर शेंगा सोलत राहिली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले, "अगं, नाव सांग की!"