घडी मोडली

भावेशने आईच्या, द्वारकाबाईंच्या साठीला दुमडणारा फोन आणला, तो आठवडा उलटत आला तरी खोक्यातच. कपाटात, नव्या लुगड्यांच्या थप्पीवर. शेवटी न राहवून भावेशच तो उघडायला निघाला, तर द्वारकाबाईंनी त्याचा हात धरला.

‘‘थांब. घडीचा हाय ना? मग घडी चांदणी मोडंल.’’

नव्या लुगड्याची घडी आपण मोडायची नाही, आधी जिवाभावाच्या माणसाला नेसायला द्यायचं, ही द्वारकाबाईंच्या माहेरची रीत. फोनला ती लागू नाही, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं थोडंच!

चांदणी ही त्यांची धाकटी बहीण, चौक गावात दिलेली. जन्मापासून ऐकू येत नाही. मिठागरावरच्या घरात आईबाप कामाला गेले की ती एकटी दाराकडे बघत बसायची. शाळेतून आलेली द्वारका दाराच्या दोन्ही फळ्या ढकलून आत यायची. म्हणून दोन्ही तळवे जोडून ते दारासारखे उघडायचे, हे चांदणीच्या बोटांतलं द्वारकाचं नाव झालं. चांदणीचं नाव सोपं. वर धरलेली बोटं लुकलुकवली की झालं.

व्हिडिओ कॉल आले आणि आता बहिणीशी रोज बोलता येईल म्हणून द्वारकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. पण हातांनी बोलणाऱ्या बाईचा एक हात फोन धरण्यातच गुंतला. फोन हंड्याला टेकवावा तर तो घसरायचा आणि इकडे द्वारकाबाईंना चौकच्या घरातला पंखा दिसायचा. बोलणं अर्धंच व्हायचं. नावाच्या दाराचीही एकच फळी उघडायची. ते एका फळीचं नाव द्वारकाबाईंच्या फार जिवाला लागायचं. नवा फोन आणला तेव्हा भावेश सहज म्हणून गेला होता, ‘‘हा अर्धा उघडला की आपला आपण उभा राहतो.’’ तेवढं एकच वाक्य त्यांनी पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

खोकं पिशवीत घालून, रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जाऊन त्यांनी चौकची बस धरली. चांदणीने फोन उघडला, मिटला, परत उघडला. मग अर्धा दुमडून ओट्यावर ठेवला. उभा राहिला! चांदणीने दोन्ही हात सोडवून घेतल्यासारखे झटकले आणि खुदकन हसली. द्वारकाबाईंनी तिथेच कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, ‘‘ज्यानं बनवला त्याच्या पोराबाळांचं भलं होवो.’’ चांदणीच्या सुनेला, मनालीला, त्यांनी चांदणीचं सिम त्यात घालायला सांगितलं आणि भावेशला आपल्या जुन्या फोनवरून आवाजी निरोप धाडला, ‘‘चांदणीनं घडी मोडली रे!’’

लगेच फोन खणखणला.

‘‘मोडली? आई, बिजागरीच गेली का? अगं, आत्ताच तर घेतलाय!’’

‘‘मेल्या, मोडली म्हंजे नवा केला! काय तुटला न्हाय.’’

संध्याकाळी त्या रिकाम्या हाताने घरी आल्या तेव्हा मात्र भावेशचं तोंड उतरलं.

‘‘घडी मोडून परत आणायचा असतो ना गं? तुझ्यासाठी घेतलेला मी.’’

‘‘माझ्यासाठीच ठेवून आलेय,’’ द्वारकाबाई म्हणाल्या. त्याला ते पटलं नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. लेकाने हौसेने आणलं आणि आपण वाटून टाकलं, ही टोचणी त्यांनाही होतीच.

तेवढ्यात जुना फोन वाजला. पडद्यावर चांदणी, ओट्यापासून चार हात लांब, कमरेपर्यंत दिसणारी, केस नीट विंचरलेली. तिने दोन्ही तळवे छातीपाशी जोडले आणि सावकाश दोन्हीकडे उघडले. पूर्ण नाव. दोन्ही फळ्या.

द्वारकाबाईंनी बोटं लुकलुकवली. पुढे खूप सांगायचं होतं, पण आता अडकलेला हात त्यांचा होता.

भावेश कधी आत आला ते त्यांना कळलंच नाही. त्याने आईच्या हातातून फोन काढून घेतला, तिच्यासमोर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तो उंच धरला.

‘‘बोल आता,’’ तो म्हणाला.