सुईकाकांचा कान

सुईकाका इंजिनाचा आवाज ऐकताना डोळे मिटत. खालापूर नाक्यावरच्या त्यांच्या गॅरेजच्या दारात कोणी चालू स्कूटर आणून उभी केली, की ते सीटवर तळहात टेकवत आणि डोळे मिटून क्षणभर तसेच राहत. मग म्हणत, "उपाशी हाय बिचारी." म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. उलट असलं तर, "हिला अजीर्ण झालंय." निदान सहसा चुकत नसे. त्यांच्या कानाची आमच्याकडे ख्याती होती.

नाव मात्र कानावरून नाही, सुईवरून पडलं. भातकापणी झाली, की नाक्यापलीकडचं एक खाचर सपाट करून तिथे रविवारी रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या शर्यती लागत. ट्रक हातभर लांब, पण त्याला खेळणं म्हणवत नाही. लिंबाएवढं खरं इंजिन, खरा धूर, आणि वेग असा की नजर मागे राहावी. मुंबई-पुण्याची हौशी माणसं ते घेऊन येत. या इंजिनाला नायट्रोचं इंधन लागतं आणि ते किती जावं हे दोन बारीक स्क्रू ठरवतात. त्यांना सुया म्हणतात. एक वेगाची, एक संथ चालीची. सुई आवळली की इंधन कमी, सोडली की जास्त; नखभर फिरली, तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं आपापला ट्रक छातीशी धरून काकांपुढे उभी राहत, डॉक्टरपुढे तापलेलं मूल घेऊन उभं राहावं तशी.

माझे वडील भातगिरणीत कामाला. घरात पदवी घेणारी मी पहिलीच, तीही मेकॅनिकलची. कर्जतला शिकून आले आणि वर्षभर घरी बसले. लोक नोकरीचं विचारत आणि मी रस्ता बदलत असे. अशाच एका दिवशी वडिलांची बंद पडलेली स्कूटर ढकलत मी काकांकडे गेले.

"भातगिरणीवाल्याची पोरगी ना गं तू? इंजिनेर झालीस म्हनं?"

"हो काका."

त्यांनी बाकावरचा ट्रक सुरू केला. इंधनातल्या जळलेल्या एरंडेलाचा गोडसर वास सुटला. "मंग सांग बरं, हा उपाशी हाय का याला अजीर्ण झालंय?"

मी इंधन आणि हवेच्या प्रमाणाचा आकडा सांगितला. काका मनापासून हसले. "आकडा बरोबर हाय गं. पन ह्याला कुठं ठाऊक?" दुसऱ्या दिवसापासून मी रोज तिथे जाऊ लागले. काकांनी कधी का म्हणून विचारलं नाही. फक्त बाकावरची अर्धी जागा मोकळी केली.

संथ चालीची सुई लावताना ते इंधनाची नळी दोन बोटांत चिमटून धरत आणि मोजत. खळ्यावर भात मापताना आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. काकाही तसंच मोजत. "लाभ... दोन... तीन." तीनला इंजिनाने जरासा सूर चढवून विझायला हवं. लवकर विझलं तर उपाशी, उशिरा विझलं तर अजीर्ण. निळसर धूर, दुपारचं ऊन, आणि सावकाश म्हटलेलं ते 'लाभ'. त्या वर्षातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

दुसरी सवय इंजिन झोपवण्याची. या इंजिनाचं सिलिंडर वरच्या अंगाला निमुळतं असतं आणि थंड होताना आवळतं. पिस्टन वर राहिला तर तिथेच चिमटतो. म्हणून ट्रक थांबला, की काका इंजिनाला जोडलेलं छोटं चाक हाताने फिरवून पिस्टन खाली आणत. चाकावर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका खाली म्हणजे पिस्टन खाली. मग हवेच्या नळीतून तेलाचे दोन थेंब सोडत. मी निघाले, की रोज पाठीमागून प्रश्न येई, "झोपवलास का गं त्याला?"

हिवाळ्यात त्यांनी शर्यतीत त्यांचा स्वतःचा ट्रक माझ्या हाती दिला. कोणीतरी मोडका म्हणून टाकून दिलेला तो ट्रक त्यांनी सुटे भाग जमवत उभा केला होता. "सुई बी तूच लाव," म्हणाले. आदल्या दुपारी मी उन्हात सुया लावल्या. सकाळी खाचरावर धुकं होतं, गवत ओलं, गार वारा. उष्णता मोजायचं यंत्र मी इंजिनावर धरलं. आकडा कमी आला. तापत नाही म्हणजे इंधन जास्त होतंय, असं मी ठरवलं आणि सुई आणखी आवळली. चूक अशी, की आकडा गार वाऱ्याने उतरला होता. गार हवा दाट असते. तिला इंधन जास्तच लागतं. उपाशी इंजिनाचा घास मी आणखी कमी केला होता.

चौथ्या फेरीला ट्रकचा आवाज बारीक झाला. मग किंचाळल्यासारखा. कडेची माणसं ओरडली, "अहो ताई, थांबवा, जळेल!" मी गोंधळून काकांकडे पाहिलं. ते ट्रॅककडे पाठ करून, दहा पावलांवर, दगडावर बसून चहा पीत होते. त्यांनी मान वळवली नाही. ते धुक्यातल्या डोंगराकडे शांतपणे बघत राहिले. ट्रक विझला, तेव्हाही.

इंजिन गेलं याचं दुःख मला त्या क्षणी झालंच नाही. मी त्यांच्यामागे जाऊन हळूच हाक मारली. मग मोठ्याने. मग खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं.

काकांनी ट्रक उचलून गॅरेजात आणला. मग इंजिन उघडत म्हणाले, "रसायनीला कारखान्यात कंप्रेसरच्या आवाजात जल्म गेला गं. दोन वर्सं झाली, बारीक आवाज येतच नाय. समोरून, जवळून जाडं बोलनं तेवढं कळतं."

"मग सुया कशा लावता?"

त्यांनी तळहात पुढे केला. मला स्कूटरच्या सीटवर टेकलेला तो हात आठवला.

"सांगत का नाही कुणाला?"

"सुईकाका भैरा झाला म्हनल्यावर ट्रक कोन देईल हातात? आन मी दिवसभर करू काय?" पिस्टन बाहेर काढत म्हणाले, "आज मात्र माजं चुकलं. उठून हात लावाया पायजे हुता. पोरीची शर्यत, आन मी धुकं बघत बसलो."

मी कुणाला सांगितलं नाही. नव्या पिस्टनवर इंजिन पुन्हा उभं राहिलं, आणि पुढे आम्ही दोघांनी मिळून एक कान तयार केला. ते ट्रकच्या पाठीवर दोन बोटं ठेवत आणि विचारत, "कसा वाजतोय?" मी त्यांच्या कानाशी सांगे, "भुंगा फुलात शिरल्यासारखा." "मंग नखभर सोड." कधी, "पाटा घासल्यासारखा." "तसाच राहू दे." कॉलेजात मी कधी आवाजाला नाव दिलं नव्हतं. नाव द्यायचं, तर आधी नीट ऐकावं लागतं. रांगेतली माणसं समजत, काका चेलीची परीक्षा घेतायत.

पावसाळ्याच्या तोंडाशी मला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मुलाखतीत तिथल्या लोकांनी चालू इंजिनापुढे उभं करून दोष विचारला होता. मी डोळे मिटले आणि सांगितला. निघायच्या दिवशी काका म्हणाले, "एक चक्कर मार, मंग जा." ट्रक गॅरेजमागे दोन फेऱ्या धावला. तेवढ्यात पुण्याची एसटी आली आणि वडील नाक्यावरून हाका मारू लागले. मी तापलेला ट्रक फळीवर ठेवला, काकांच्या पाया पडले आणि धावले. घाट चढताना आठवलं, त्याला झोपवलं नाही. फोन तरी कसा करणार? फोनवरचं त्यांना ऐकू येत नसे. त्या दिवशी त्यांनी पाठीमागून प्रश्न विचारला नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

दिवाळीआधी काका गेले. झोपेतच. मला दोन दिवसांनी कळलं, तशी मी आले. त्यांच्या मुलीने गॅरेज उघडून दिलं आणि म्हणाली, "ट्रक तुला द्यायचा असं बाबांनी सांगून ठेवलंय."

तो त्याच फळीवर होता, काकांच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेला. इंजिन चिमटलं असणार, हे धरूनच मी पंचा सोडला. टायरांवर माती नव्हती. हवेच्या नळीच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब सुकला होता. मी इंजिनाचं चाक वळवून पाहायला हात पुढे केला आणि थांबले.

लाल ठिपका खाली होता.