बारशाला बहिणीनं माझा पाळणा नाकारला...

रविवारी दुपारी आमच्या नेकनूरच्या घरी भाचीचं बारसं होतं. धाकटी बहीण वैशाली बाळंतपणाला माहेरी आलीय... आणि मामाच्या हक्कानं पाळणा मी स्वतः बनवला होता.

माझं घराला लागूनच फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. यंदा पावसाअभावी पेरणीच नाही, त्यामुळे नांगर-कोळप्याची कामं बंद. दूध संस्थेनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडलीय, तिथल्या शेडचं आणि गव्हाणींचं काम मिळालं म्हणून वर्कशॉप चालू तरी आहे.

मधल्या रिकाम्या वेळात पाळणा केला. चार पायांचा, लोखंडी, चारी बाजूंनी उभे गज, उशाला पत्र्याची दोन फुलं. बायकोनं मऊ गुबगुबीत गादी शिवली, झालरीच्या दोन उशा शिवल्या. पाहुणे हात लावून लावून बघत होते... मी आपला उगाच इकडून तिकडे फिरत होतो.

आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, मग बाळाला. आईनं वरवंटा ठेवला. वैशू बाळाला घेऊन आली, पाळण्याकडे बघितलं आणि थांबलीच.

"दादा, बाळ यात न्हाई झोपवायचं."

वैशू उपकेंद्रात नर्स आहे, पण त्या क्षणी मला ती फक्त चारचौघांत माझी लाज काढणारी बहीण वाटली. "कावून? काय वाईट हाय त्यात?" माझा आवाज जरा चढलाच.

तिनं बाळ आईकडे दिलं. वरवंटा पाळण्याच्या कडेला सरकवला आणि एका बोटानं हळूच ढकलला... दोन गजांमधून तो थाडकन फरशीवर पडला. टोपडं मात्र गजांतच अडकून राहिलं.

"लेकराचं अंग असं बाहेर जातं, दादा. अन् डोकं अडकतं. मी ड्युटीवर बघितलंय एकदा... वेळेत बघितलं म्हणून वाचलं ते."

चार इंच. खिडकीच्या ग्रिलला मी दोन गजांत चार इंच सोडतो, तेच माप हाताला बसलेलं. पाळण्यालाही तेच सोडलं होतं. डोक्यात दुसरा विचारच आला नव्हता.

आणि मग आठवलं. हा माझा दुसरा पाळणा होता... पहिला महिन्याखाली छावणीत बिरूमामांना दिलेला. ते धनगर, गाई घेऊन कुटुंबासकट छावणीत उतरलेत. सुनेला पाच महिन्यांचा मुलगा आहे.

फोन लावला, लागेना. जेवणाची ताटं वाढलेली, ती तशीच सोडून, "असलाच एक छावणीत दिलाय" म्हणत गाडीला किक मारली. मागून वैशू ओरडली, "आधी बाळ उचल, मग बोल!"

छावणीत ऊन नुसतं भाजत होतं. ताडपत्रीखाली पाळणा, त्यात पोरगं आडवं झोपलेलं... एक पाय मांडीपर्यंत गजांच्या बाहेर. हळूच पाय आत घेतला आणि त्याला उचललं. ते रडायला लागलं, टँकरवरून त्याची आई हंडा टाकून पळत आली, मागून बिरूमामा.

"काय झालं रं?"

"मामा, पाळणा न्यायला आलोय. माझं माप चुकलं."

"दिलेली वस्तू परत नेतो व्हय? चांगला हाय की! निवांत झोपतंय लेकरू."

आपलंच काम खराब आहे हे सांगायला जीभ उचलत नाही हो... पण मी मूठ गजांमधून कोपरापर्यंत आत घातली, बाहेर काढली आणि वैशूनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बिरूमामांनी पाळण्याच्या एका टोकाला हात घातला. मग म्हणाले, "धर त्या टोकाला."

दूध संस्थेच्या टेम्पोत घालून पाळणा घरी आणला. बारशाचे कपडे बदलून दोन्ही पाळण्यांना प्रत्येक दोन गजांत एक गज वाढवला. आई "ओल्या बाळंतिणीनं बाहेर उभं राहू नये" म्हणून ओरडत होती, तरी वैशू दारात टेप घेऊन उभीच. एकेक फट मोजली... अडीच इंचाच्या आत आहे ना, बघून मगच मान हलवली.

गादीही बदलायला लावली. पातळ, टणक, कडेला बोटभर सुद्धा फट राहू नये अशी. उशा काढल्या तसा बायकोचा चेहरा उतरला.

"वहिनी, लई सुंदर शिवल्यात तुमी. मोठी झाल्यावर वापरीन की तिच्यासाठी. आता नुसतं उताणं झोपवायचं, पाळण्यात दुसरं काय न्हाई. उशी, गोधडी तोंडावर आली तर त्या जीवाला बाजूला सुद्धा करता येत न्हाई."

बायकोनं उशा जुन्या कापडात गुंडाळून स्वतःच पेटीत ठेवल्या.

सोमवारी सकाळी बिरूमामांचा पाळणा पोचवला. त्यांनी आधी स्वतःची मूठ घालून बघितली, जाईना. मग शेजारच्या शेडमधल्या दोन लेकुरवाळ्या बायांना हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाले, "सांग यांना, तुझ्या बहिणीनं काय काय सांगितलं ते." मी सांगितलं... जेवढं आठवलं तेवढं.

दुपारी भाची पहिल्यांदा माझ्या पाळण्यात झोपली. उताणी, दोन्ही हात वर टाकून.

काल एका मित्रानं विचारलं, सगळ्यांसमोर बोलली, राग नाही आला? आला की... दोन मिनिटं आला. पण भावाचा मान राखायला ती गप्प बसली असती, तर छावणीतल्या त्या पोराकडे मी कशाला गेलो असतो?

वैशू, तुझा दादा म्हणवून घ्यायला लई अभिमान वाटतोय बघ.