हातोडाभाईंची अकरा मिनिटं

"मार की! तुझ्या सासऱ्याचं घड्याळ आहे काय ते?"

हातोडाभाई ओरडत होते आणि हातोडा माझ्या हातात होता. रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात, ऐरणीवर, धावताना बांधायचं एक घड्याळ ठेवलेलं, रेकॉर्डिंग चालू. मी डोळे मिटून घाव घातला. काच बहुधा खाडीपलीकडे उडाली, कारण गाळ्यात ती कुणाला सापडली नाही. भाईंनी उरलेला चेंदामेंदा गोळा केला, आतली चिप काढून संगणकाला जोडली आणि म्हणाले, "आता तुमची लायब्ररी वाचतेय का बघा."

तर आमचा धंदा हा. अशी घड्याळं माणसाचे ठोके, वेग, अंतर सगळं एका फाईलमध्ये कोंबतात. ती फाईल वाचणारा आणि परत लिहिणारा कोड, म्हणजे लायब्ररी, आम्ही बनवायचो; दुसऱ्यांची ॲपं ती वापरायची. मुरूडकडचे भाई तिची परीक्षा घ्यायचे. "शाबूत फाईल कुणीही वाचतो," ते म्हणत. "मेलेली वाचून दाखवा." म्हणून घड्याळं मारणं आलं. एक त्यांनी लेथमध्ये पिळलं. एक उकळत्या रश्श्यात बुडवलं; तो रस्सा आम्ही नंतर खाल्ला. एक तळवलीच्या माझ्या काकांच्या म्हशीला चारलं. तीन दिवस म्हशीचे ठोके व्यवस्थित येत होते. चौथ्या दिवशी घड्याळच आलं, आणि धुवायला मीच सापडलो.

त्यांचा दुसरा नियम हातोड्याहून जड होता. "जे लिहिलेलं नाही, ते आपण लिहायचं नाही." घड्याळ मनगटावरून सुटलं की ठोक्यांची जागा रिकामी राहते, ग्राफ मध्येच तुटतो. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तसे मालक म्हणाले, "रिकाम्या जागी सरासरी भरून टाका ना. कुणाला कळतंय?"

भाईंनी कीबोर्ड उचलला आणि टेबलावर असा हाणला की बटणं दातांसारखी सांडली. स्पेसबार मालकांच्या कपाळात बसला. त्या टेंगळाला पुढे स्वतःची सावली पडायची.

"माणसाच्या काळजाला सरासरी लावता, शेठ?"

मालक कपाळ धरून जिन्याने खाली गेले आणि खाली त्यांनी मला गाठलं. त्याच दुपारी मी कोडच्या चार ओळी लिहून रिकाम्या जागी सरासरी भरली. भाईंना सांगितलं नाही.

आठवड्याभराने, सकाळी धावायला निघालेल्या भाईंना ठाणे-बेलापूर रस्त्यावर डंपरने उडवलं. हे मी फुगवून सांगत नाही. घड्याळ पट्ट्यातून तुटून गटाराच्या कडेला पडलं होतं. चालूच.

भाभी ते रुमालात बांधून ऑफिसात आल्या. मी फाईल उघडली. ठोके चढत गेलेले, मग धडक, वेग शून्य, आणि पुढे अकरा मिनिटं ठोक्यांची एक सरळ, शांत रेघ.

भाभींनी रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे अकरा मिनिटं जिवंत होते. रस्त्यात पडून. आणि कुणी थांबलं नाही."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"भाभी, ती रेघ त्यांची नाही. माझी आहे."

मग कीबोर्डापासून सगळं सांगितलं. त्यांच्यादेखत त्या चार ओळी पुसल्या आणि फाईल पुन्हा वाचली. धडकेपर्यंत ठोके, पुढे कोरं.

"मग किती वेळ होते?"

"घड्याळ हातावर नव्हतं. फाईलमध्ये काहीच लिहिलेलं नाही."

भाभी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. थप्पड येणार, या हिशेबाने मी चष्मा काढून ठेवला होता. घरात इतकी वर्षं हातोडा राहिलेला. बाईचा हातही तसाच असणार.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवढं आहे तेवढं छापून द्या."