हद्दीबाहेरचं औषध

लोर्ना पेल्कीने उभं आयुष्य अमेरिकेतल्या मेन राज्याच्या आडरस्त्यांवर शाळेची बस चालवली. पोरं तिला टरकून असायची. शुश्रूषागृहाचे व्यवस्थापक हॅस्केल मात्र टरकत नसत. ते मान तिरकी करून मधात घोळलेल्या आवाजात म्हणायचे, "मिसेस पेल्की, तुमच्या भावना आम्हाला अगदी, अगदी समजतात हं."

"समजतात ना? मग त्याला खोलीतच चार झुरके घेऊ द्या."

तो म्हणजे तिथे दाखल असलेला तिचा नवरा एव्हरेट. कॅन्सर हाडांत उतरलेला, पोटात सतत ढवळायचं. पेनासारख्या नळीतून गांजाची वाफ ओढली की मळमळ बसायची आणि दोन घास आत टिकायचे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, राज्याने परवानगी दिलेली. पण वॉशिंग्टनच्या केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे गुन्हा, आणि शुश्रूषागृहाचा पैसा तिथूनच यायचा, म्हणून साहेबांच्या आवारात तो निषिद्ध. मॉर्फिन चालायचं, गांजा नाही. लोर्ना रोज जेवणाआधी चाकांची खुर्ची ढकलत फाटकाबाहेर फुटपाथवर जायची. मरायला टेकलेल्या माणसाने तिथे, गारठ्यात, चोरासारखं औषध घ्यायचं.

त्या दुपारी बर्फ काढणाऱ्या गाडीने रस्त्यावरचा सगळा ढीग फुटपाथवर लोटला होता. एव्हरेटच्या पोटात सकाळपासून पाणीसुद्धा ठरलं नव्हतं.

"फुटपाथ मोकळा करून द्या," लोर्ना हॅस्केलना म्हणाली.

"तो आमच्या हद्दीत येत नाही हो. नगरपालिकेला कळवलंय. उद्यापर्यंत होईल."

लोर्नाने हुबेहूब तशीच मान तिरकी केली. "एव्हरेट, उद्यापर्यंत कळ काढ हं. साहेबांना अगदी, अगदी समजतंय."

"हसवू नकोस गं," एव्हरेट कण्हला. "ओकेन."

तिने खुर्ची फाटकातून काढली ती थेट रस्त्याच्या मधोमध नेली आणि हात आडवा धरला. लाकडं भरलेला ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "आजी, मरायचंय का?"

"हा मरतोच आहे. पण उपाशी मरणार नाही. इंजिन बंद कर."

ड्रायव्हरने खुर्चीकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मागे भोंगे वाजू लागले.

हॅस्केल फाटकापर्यंत धावत आले आणि आतच थबकले. "मिसेस पेल्की, पेशंटची जबाबदारी आमच्यावर आहे."

"फाटकाच्या आत. इथे नाही. तुम्हीच शिकवलंत."

एव्हरेटने नळी ओठांना लावून वाफ ओढली, पुन्हा ओढली. लोर्ना भोंग्यांकडे पाठ करून थांबली. त्याचे खांदे सैल पडले तसं तिने थर्मास उघडला आणि सूपचा चमचा पुढे केला. त्याने गिळलं. दोघंही श्वास रोखून वाट पाहत राहिली. सूप पोटात टिकलं.

"आण अजून," एव्हरेट म्हणाला.